ठेंगूची बढती

रुग्णालयाच्या तळघरात लाँड्री होती आणि लाँड्रीत ताईचा शब्द चालायचा. वरच्या मजल्यांवर भले मोठमोठे डॉक्टर असतील, पण स्वच्छ चादर अंथरल्याशिवाय त्यांचा रोगी पलंगावर चढत नाही, आणि ताईने सोडल्याशिवाय चादर तळघरातून हलत नाही. ताईला हे पक्कं ठाऊक होतं आणि ती ते इतर कुणाला विसरूही देत नसे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिला घाबरणाऱ्यांत वॉर्डातल्या सिस्टर होत्या, हिशेबवाले होते, आणि एक-दोन डॉक्टरही होते असं लाँड्रीतले लोक छातीठोकपणे सांगत.

ताईच्या आधी इथले सगळे प्रमुख पुरुष. धुण्याची मोठी यंत्रं पुरुषांकडे, घड्या बायकांकडे. पगारात एवढा फरक का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, 'यंत्राचं काम जोखमीचं असतं हो.' ताई तेव्हा घडीवर होती. एकदा यंत्रवाला आजारी पडला, मळक्या कपड्यांच्या पिशव्या छतापर्यंत चढल्या आणि पुरुषमंडळी आता काय करायचं यावर चर्चा करत बसली. ताईने पिशव्या ओढल्या, यंत्राचं दार लावलं आणि बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. मग काय, जो तो तिच्या अंगावर धावून आला. ताई म्हणाली, "यंत्राला कळलं का मी बाई आहे ते? नाही ना? मग तुम्ही कशाला त्याच्या कानात सांगताय?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते बरीच वर्षं चाललं. ताई त्यात हरली, पुन्हा उभी राहिली, आणि शेवटी जिंकली. बायका यंत्रांवर आल्या, पगार सारखे झाले, आणि ताई प्रमुख झाली. नवऱ्याने टाकलेल्या, सासरहून पळून आलेल्या, कधीच काम न केलेल्या कितीतरी बायका तिच्या काचेच्या केबिनमध्ये रडत आल्या आणि काम घेऊन गेल्या. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे ताईला नीट येत होतं. आधी पाणी द्यायचं, मग रुमाल, आणि मग ड्यूटी. पुरुषांचं तिला ठाऊक नव्हतं, कारण पुरुष रडत कधी आलेच नव्हते.

ठेंगू हा तिचा धाकटा भाऊ. शाळेत वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून हे नाव पडलं. पुढे तो ताडमाड वाढला, पण नाव होतं तिथेच राहिलं. दारातून आत येताना वाकणाऱ्या माणसाला घरातले सगळे ठेंगू म्हणत आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तो बल्बच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून येणारा बल्ब पेटवून पाहायचा, दोष असला तर बाजूला टाकायचा. कारखाना बंद पडला तेव्हा तो हसत म्हणाला होता, "चला, आता अंधारात बसायला मोकळे."

पुढे तो खरंच तसा बसला. सुरुवातीला रोज इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला जायचा. मग शर्ट घालून नुसता बागेत जाऊन बसायचा. मग शर्ट घालायचाही थांबला. त्याची बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिने जादा वेळ काम घेतलं, घर चालवलं, आणि त्याला एका शब्दाने टोचलं नाही. तोही तिला काही बोलला नाही. त्या घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण भांडायलाही समोर माणूस लागतो.

एक दिवस भावजय ताईच्या केबिनमध्ये आली. रडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "ताई, मला त्याचा पगार नकोय. माझं भागतंय. तो घरात असतो तेव्हा घरात असलेला हवाय. मी विचारते काय होतंय, तर म्हणतो, काही नाही. काही नाही म्हणजे काय हो?"

"मी बघते," ताई म्हणाली. हे तिचं आवडतं वाक्य होतं आणि आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं.

लाँड्रीत तेव्हा एकच जागा रिकामी होती, घडीच्या टेबलावर. घडीवर अजूनही एकजात बायका. बायका यंत्रांवर गेल्या होत्या, पण पुरुष काही घडीवर आले नव्हते, आणि ते आणावेत असं ताईच्याही कधी मनात आलं नव्हतं. तिने ठेंगूला बोलावून घेतलं. "तात्पुरतं रे. यंत्रावर जागा झाली की तिकडे घेते तुला."

"मला काय, काहीही चालेल," ठेंगू म्हणाला. त्याच्या आवाजात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

पण घडीवाल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. इस्त्रीच्या रोलरवर एक तरुण मुलगी होती, जिभेने तिखट. ती सरळ केबिनमध्ये आली. "ताई, राग मानू नका. घरी बाप, बसमध्ये धक्के, वर वॉर्डात डॉक्टरांची बोलणी. दिवसभरात ही एकच जागा आहे जिथे आमचं बोलणं ऐकायला पुरुष नसतो. तीही काढून घ्यायची?"

तिचं बरोबर होतं आणि ताईला ते कळत होतं. पुरुष प्रमुखांच्या नजरेतून ही जागा तिनेच भांडून मोकळी केली होती. शेवटी तोड निघाली ती अशी की ठेंगू कोपऱ्यातल्या टेबलावर राहील, आणि जोडीला काकू. काकू म्हणजे लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई. ताई नवीन असताना तिला घडी घालायला शिकवली ती याच काकूंनी.

मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकांजवळ यायचं, एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी कड उचलून पुन्हा मागे जायचं. जवळ यायचं, लांब जायचं, दिवसभर हेच. हात कामात आणि नजर चादरीवर, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. तोंड मात्र मोकळं असतं. या टेबलांवर बायकांनी काय काय बोलून टाकलं असेल त्याला गणती नाही. आणि त्यांचा एक नियम होता, कुणी कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. चादरीवर बोललेलं चादरीतच ठेवायचं. घडी गठ्ठ्यावर पडली की तो विषय मिटला. चहाला बसल्यावर कुणी त्याची आठवण काढायची नाही, तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही. ताई प्रमुख झाल्यावरही हा नियम पाळत आली होती.

पहिले कित्येक दिवस काकूंचाच आवाज ऐकू यायचा. "अरे ठेंगू, ताण ना! पाहुण्यांच्या घरची असल्यासारखी काय धरतोस? आपलीच चादर आहे, ओढ." किंवा, "उंची दिलीय देवाने ती कशाला? वर धर. जमिनीला लागली तर पुन्हा धुवायला जाईल आणि धुणारे मला शिव्या घालतील." ठेंगू वर धरायचा. त्याच्या हातातली चादर कधी जमिनीला लागत नसे, आणि थोड्याच दिवसांत रोलरवाली मुलगीही मोठ्या चादरी निघाल्या की हाक मारू लागली, "ठेंगूदादा, जरा इकडे या हो, आमचा हात तिथवर जात नाही."

मग एका दुपारी ताईने केबिनच्या काचेतून पाहिलं तर ठेंगूचे ओठ हलत होते. ते बराच वेळ हलत राहिले. काकू मान डोलवत जवळ येत होत्या, लांब जात होत्या. आणखी काही दिवसांनी ठेंगू मधेच थांबला. चादर सैल पडली. त्याने हातातल्या टोकाने तोंड पुसलं. काकू आपली टोकं धरून तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी ती चादर गोळा करून मळक्या पिशवीत टाकली आणि दुसरी घेतली. ताई खुर्चीत बसून ढसाढसा रडली. इतका आनंद तिला प्रमुख झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

काय बोलला असेल तो? काकूंना विचारावं असं तिला फार वाटलं. दोनदा ती उठलीही. पण नियम तो नियम, म्हणून परत बसली.

त्याच आठवड्यात भावजयीचा फोन आला. "ताई, काल त्याने मला विचारलं, तुझा दिवस कसा गेला. मी इतकी दचकले की म्हटलं, का रे, काय झालं?" आणि दोघी हसत सुटल्या.

इथेच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण यंत्रखोलीतल्या लोकांना नवा खेळ सापडला होता. यंत्रखोलीत इतका आवाज की कानांवर जाड टोप्या लावून काम करावं लागतं आणि सगळं बोलणं हातवाऱ्यांनी चालतं. ठेंगू दारातून गेला की कुणीतरी हवेत नाजूक घडी घालून दाखवायचं, कुणी मान वेळावायचं. 'घडीताई' असं नाव पडलं होतं. हसणाऱ्यांत बायकाही होत्या, ज्यांना ताईने भांडून यंत्रांवर नेलं होतं त्याच. एकदा त्याच्या कपाटाच्या कुलपाला कुणीतरी लाल रिबन बांधून ठेवली. ठेंगूने ती सोडली, हसला, आणि त्याच रिबनने अभ्र्यांचा गठ्ठा बांधला.

त्याला काही वाटलं नसेल का? वाटलं असेल थोडंफार. पण ते तो दुपारी काकूंपाशी बोलून टाकत होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येत होता. अंगाची आग झाली ती ताईच्या. तिने पोरांना झापलं तर ती आणखीच चेकाळली. बाई यंत्रावर गेली की तिला शाबासकी, आणि पुरुष घडीवर आला की त्याची फजिती, हे काही तिला पटत नव्हतं. पण तिच्याही मनात खोल कुठेतरी तेच बसलं होतं. आपला भाऊ खालच्या कामावर आहे असं तिलाही वाटत होतं. हे तिने स्वतःशी कबूल केलं असतं तर पुढचं टळलं असतं, पण आयुष्यभर भांडत आलेल्या माणसाला स्वतःशी भांडायला सवड कुठली.

एके दिवशी रुग्णालयाचे संचालक पाहुण्यांना घेऊन तळघरात उतरले. "या आमच्या ताई, यांनीच बायकांना यंत्रांवर आणलं," असं कौतुकाने सांगत त्यांनी सगळं दाखवलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबून त्यांनी विचारलं, "आणि हे? घडीवर?"

"ते तात्पुरते आहेत," ताई म्हणाली.

ठेंगू हातभर अंतरावर चादर धरून उभा होता. काकूंनी एकदा ताईकडे पाहिलं. ठेंगूने चादरीला झटका दिला आणि काम पुढे चालू ठेवलं.

त्यानंतर लवकरच यंत्रखोलीचा प्रमुख दुसरीकडे लागला. ताईने ठेंगूचं नाव सुचवलं. कारखान्याचा अनुभव होता, उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. नेमणूक झाली. चहाच्या वेळी ताईने उभं राहून ती जाहीर केली, आणि हवेत घड्या घालणाऱ्यांना मुद्दाम पुढे बोलावून म्हणाली, "उद्यापासून यांना साहेब म्हणायचं. सगळ्यांनी." टाळ्या पडल्या. ठेंगू उभा राहिला, छताच्या पाइपला डोकं लागू नये म्हणून किंचित वाकला आणि परत बसला.

कप विसळताना काकूंनी हळूच विचारलं, "त्याला विचारलंत का?"

"बढतीला कोण नाही म्हणतं, काकू?" ताई म्हणाली.

यंत्रखोलीत प्रमुखाला उंच स्टूलवर बसून यंत्रांवरचे काटे बघायचे असतात. कानांवर टोपी, समोर गोल काचेतून फिरणारे कपडे. चिडवणं बंद झालं. पोरं हाताने सलाम करू लागली. घडीवाल्या बायकाही 'साहेब' म्हणू लागल्या आणि तो आला की गप्प होऊ लागल्या, कारण साहेबासमोर कोण बोलतं? ताईला वाटलं, पांग फिटले. आता माझा भाऊ ताठ मानेने चालतोय.

भावजयीचा फोन आला. "ताई, तो पुन्हा गप्प झालाय."

"जबाबदारी आहे गं आता. दमत असेल." ताईने तो विषय तिथेच उडवून लावला. त्या दिवशी वॉर्डाच्या पडद्यांचं काम आलं होतं आणि तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

पुन्हा फोन आला तेव्हा भावजय एवढंच म्हणाली, "तो कामावर आहे का? घरी आलेला नाही." शिफ्ट संपून बराच वेळ झाला होता. यंत्रखोलीत त्याचा कोट खुंटीला नीट अडकवलेला होता. कानांवरची टोपी पुसून स्टूलवर ठेवली होती.

ठेंगू आजतागायत सापडलेला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पोलिसांनी फोटो लावले, ताईने शेजारची गावं पालथी घातली, रुग्णालयांतून फिरली, ओळख पटवायला म्हणून दोनदा शवागारातही जाऊन आली. दोन्ही वेळा तो ठेंगू नव्हता. दोन्ही वेळा ती बाहेर आल्यावर भिंतीला टेकून खाली बसली.

पहिल्या दिवशी पोलीस ठाण्यात गेल्या त्या तिघी. ताई, भावजय, आणि कुणी बोलावलेलं नसताना आलेल्या काकू. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने नाव, वय, उंची विचारली. मग विचारलं, "अलीकडे काही बोलत होते का? काही मनात होतं? मित्र कोण?"

ताईला भावाच्या बुटाचं माप ठाऊक होतं, त्याला लहानपणी कांजिण्या कधी आल्या ते ठाऊक होतं, पण यातलं काही ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्याने भावजयीकडे पाहिलं. "मी विचारायचे," ती म्हणाली. "तो म्हणायचा, काही नाही."

मग काकू म्हणाल्या, "मी सांगते."

आणि त्या सांगत गेल्या. कारखाना बंद झाल्यावर तो बागेत बसायचा तेव्हा शाळेतली पोरं त्याला रखवालदार समजून वेळ विचारायची. बायको दमून यायची आणि तिला बरं वाटावं म्हणून आपण काहीतरी बोलावं असं त्याला वाटायचं, पण तिच्या दमण्यापुढे आपलं बोलणं कशाला, असं वाटून तो गप्प राहायचा. तिचा त्याला अभिमान होता आणि तिच्यासमोर लाजही वाटायची, दोन्ही एकदम. एकदा तो पुलावर बराच वेळ उभा राहून परत आला होता. "घडीवर आल्यापासून तिकडे जावंसं वाटत नाही म्हणाला. पलीकडून कुणीतरी धरलेलं असतं ना काकू, ते बरं वाटतं, असं म्हणायचा." भावजय दोन्ही हातांनी तोंड दाबून ऐकत होती. हे सगळं तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही पोलीस ठाण्यातल्या बाकावर.

"हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत?" ताईचा आवाज चढला.

"चादरीवरचं होतं ते, ताई," काकू म्हणाल्या. "कसं सांगणार?"

काकूंच्या जागी ताई असती तर तीही गप्पच बसली असती.

अधिकाऱ्याने विचारलं, "शेवटचं कुणी पाहिलं त्यांना?"

"मीच असेन," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "काल जेवणानंतर तो टेबलाशी आला. माझी जोडीदार सुट्टीवर होती, मी एकटी चादरीशी झगडत होते. त्याने काही न बोलता पलीकडचं टोक धरायला हात पुढे केले. मी म्हटलं, साहेब, राहू द्या. तुम्ही कशाला, हे आमचं काम."

"मग?"

"हसला. म्हणाला, बरोबर आहे काकू. आणि गेला." त्या ताईकडे वळल्या. "मी मानानेच म्हटलं हो. सगळ्या पोरी बघत होत्या, पुन्हा कुणी हसायला नको त्याला, म्हणून म्हटलं. माझं चुकलं का ताई?"

अधिकारी लिहायचा थांबला होता.

"नाही काकू," ताई म्हणाली. "तुमचं नाही चुकलं. साहेब त्याला मी केलं."